‘ढ’ कोणास म्हणावे?

अभ्यासात मागे पडणाऱ्या मुलास ‘ढ’ म्हणण्याची चाल आपल्याकडे फार जुनी आहे. ब्राह्मी लिपीपासून आजच्या देवनागरीपर्यंत बहुतेक अक्षरांची रूपे बदलत गेली, पण ढ हे अक्षर जवळजवळ होते तसेच राहिले; म्हणून जो शिकवूनही बदलत नाही तो ‘ढ’, अशी या शब्दाची एक उपपत्ती सांगतात. ती खरी असो वा नसो, एवढे निश्चित की हा शब्द उच्चारणारा मनुष्य एक निकाल देत असतो. कोर्टातील निकालास पुरावा लागतो, साक्षीदारांची उलटतपासणी लागते, आणि वरच्या कोर्टात अपिलाची सोय असते. या निकालास यांपैकी काहीच लागत नाही. शिक्षा मात्र पुष्कळदा जन्मभराची असते. पोराचे नाव शाळेतून कमी होते, ते रानात, गुऱ्हाळावर किंवा कुणाच्या दुकानात जाते. मुलगी असल्यास तिच्या लग्नाची बोलणी सुरू होतात. आणि त्या मुलाच्याही मनात ‘मला डोके नाही’ ही समजूत कायमची घर करून बसते.

तेव्हा हा निकाल कोणत्या पुराव्यावर द्यावा, किंबहुना तो द्यावा की नाही, याचा विचार करणारे एक शास्त्र आहे. त्यास शैक्षणिक मानसशास्त्र म्हणतात. मूल कसे शिकते, का शिकत नाही, स्मरण, अवधान, भाषा, भीती व आवड यांचा शिकण्याशी संबंध कोणता, हे त्याचे विषय. या ज्ञानाचा प्रत्यक्ष शाळेत, एकेका मुलासाठी उपयोग करण्याचे जे काम, ते शालेय मानसशास्त्र. आपल्या भागातील अनेक मुले-मुली आज शिक्षणशास्त्रात किंवा मानसशास्त्रात एम.एड., एम.ए. होतात, काही पुढे पीएच.डी.साठी संशोधन करतात. ते गावात येऊन शाळांतून प्रश्नावल्या वाटतात, मुलांच्या चाचण्या घेतात, आणि काही महिन्यांनी एक जाडजूड प्रबंध विद्यापीठात दाखल होतो. या खटाटोपाचा तुम्हा-आम्हा पालकांशी संबंध काय, हे आज आपणांस पाहावयाचे आहे.

प्रथम या शास्त्राची जन्मकथा थोडक्यात सांगतो. अमेरिकेतील पेनसिल्व्हानिया विद्यापीठात लायटनर विटमर या प्राध्यापकाकडे १८९६ साली एका शिक्षिकेने एक विद्यार्थी आणला. मुलगा एरवी हुशार, पण शब्दांचे स्पेलिंग काही केल्या जमेना. मानसशास्त्र जर मनाचे शास्त्र असेल तर त्याने या मुलास मदत केली पाहिजे, असे त्या बाईंचे म्हणणे. या साध्या मागणीतून विटमर यांचे चिकित्सालय निघाले. पुढे १९०४ साली फ्रान्सच्या सरकारने, नेहमीच्या वर्गात ज्यांना शिकणे जमत नाही अशा मुलांचा विचार करण्यासाठी एक समिती नेमली. आल्फ्रेड बीने हे तिचे सभासद. त्यांनी थिओडोर सिमोन यांच्या साहाय्याने १९०५ साली तीस लहान लहान कसोट्यांची एक मालिका तयार केली. ऐकलेले अंक पुन्हा म्हणणे, चित्रातील वस्तू ओळखणे, दोन वजनांतील जड कोणते ते सांगणे, अशा त्या कसोट्या होत्या. लंडनच्या शाळांसाठी १९१३ साली सिरिल बर्ट यांची नेमणूक झाली आणि शाळेसाठी नेमलेला मानसशास्त्रज्ञ हा नवा पेशा तेथे सुरू झाला.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घेण्यासारखी आहे. बीने यांचा हेतू मुलांना निवडून बाजूला काढण्याचा नव्हता. कोणास जास्त मदत हवी, ते शोधण्याचा होता. बुद्धी ही जन्मतः ठरलेली आणि न वाढणारी वस्तू आहे, या मताचा त्यांनी १९०९ सालच्या आपल्या ग्रंथात निषेध केला, आणि मागे पडलेल्या मुलांसाठी अवधान व स्मरण यांचे व्यायाम सुचविले. तालमीत पोर जसे जोर-बैठकांनी तयार होते तसे मनही तयार होते, हा त्यांचा भाव आपल्या कुस्तीप्रिय मुलुखास सहज पटावा. परंतु १९११ साली बीने वारले. पुढल्याच वर्षी जर्मनीत विल्यम स्टर्न यांनी मानसिक वयास प्रत्यक्ष वयाने भागण्याची युक्ती काढली. १९१६ साली अमेरिकेत ल्युइस टर्मन यांनी त्या भागाकारास शंभरने गुणून बुद्ध्यंक रूढ केला. आठ वर्षांचे मूल जर दहा वर्षांच्या मुलांच्या कसोट्या सोडवू लागले, तर त्याचा बुद्ध्यंक १२५. आजच्या चाचण्यांत गणिताची रीत बदलली आहे, पण आकडा राहिला. आणि आकड्याचा स्वभावच असा की तो सुटसुटीत असल्याने लोक त्यास मुलाचे नाव समजू लागतात. मदतीसाठी काढलेली चिठ्ठी कपाळावरचा शिक्का झाली.

आता आपल्याकडे वळू. फ्रेंच मुलास फ्रान्सची नाणी दाखवून त्यांची नावे विचारणे ठीक. पण तोच प्रश्न आपल्या मुलास विचारून ते गप्प राहिले, तर दोष मुलाचा की प्रश्नाचा? ही अडचण ओळखून धारवाडचे डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी कन्नड व मराठी बोलणाऱ्या मुलांसाठी बीने यांच्या कसोट्यांची नवी मांडणी केली. धारवाड त्या काळी मुंबई इलाख्यात होते. कामतांचा निबंध १९३४ साली इंग्लंडमधील शैक्षणिक मानसशास्त्राच्या नियतकालिकात आला, आणि १९४० साली हिंदी मुलांच्या बुद्धिमापनावरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. मराठी मुलाची परीक्षा मराठी मुलाच्या अनुभवातून घ्यावी, हे आज उघड वाटते. त्या काळी ते सिद्ध करावयास वर्षानुवर्षांचे परिश्रम लागले.

विद्यापीठांची कथा अशी. मुंबई विद्यापीठाने १९३६ साली शिक्षणशास्त्रातील एम.एड. ही पदवी देशात प्रथम सुरू केली, आणि या विषयातील पहिली डॉक्टरेटही त्याच विद्यापीठाने १९४३ साली दिली. १९४९ साली बडोद्यास महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिक्षण व मानसशास्त्र यांची एकत्र विद्याशाखा निघाली. १९६१ साली दिल्लीस राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद स्थापन झाली, आणि १९६२ साली कोल्हापुरास शिवाजी विद्यापीठ आले. त्याच वर्षी पुण्यात डॉ. वि. वि. तथा अप्पा पेंडसे यांनी ज्ञान प्रबोधिनी सुरू करून बुद्धिमान मुलांच्या शिक्षणाचा प्रश्न हाती घेतला. म्हणजे मागे पडणाऱ्याचा आणि पुढे धावणाऱ्याचा, दोघांचाही शास्त्रीय विचार महाराष्ट्रात झालेला आहे.

परंतु आमच्या मते या शास्त्राचा सर्वांत मोठा धडा आपल्या भूमीस मिळाला तो एका साध्या मोजणीतून. १९२९ साली सर फिलिप हार्टॉग यांच्या समितीने ब्रिटिश हिंदुस्थानातील प्राथमिक शाळांचा हिशेब मांडला. १९२२-२३ साली पहिलीत असलेल्या दर १०० मुलांपैकी १९२५-२६ साली चौथीत पोचलेली मुले अवघी १८ निघाली. उरलेली ८२ कोठे गेली? काही एकाच वर्गात बसून राहिली, काहींनी शाळा सोडली. समितीने या दोन प्रकारांस गळती व स्थगिती या अर्थाचे शब्द योजले, ते आजही चालतात. आता विचार करा. शंभरांतील ब्याऐंशी मुले जात्याच मंदबुद्धीची असू शकतील काय? असे कोणी म्हणू लागल्यास त्याच्याच बुद्धीची परीक्षा घ्यावी लागेल. तात्पर्य, नापासाची चौकशी करावयाची तर ती फक्त मुलाची करून भागत नाही; शाळेची, घराची आणि गावाचीही करावी लागते.

ही दृष्टी पुढे ज्यांनी आयुष्यभर जोपासली ते जे. पी. नाईक आपल्याच जिल्ह्यातले, आजरे तालुक्यातील बहिरेवाडीचे. १९४८ साली त्यांनी मुंबईत शिक्षणविषयक उच्च अभ्यास व संशोधन यांसाठी भारतीय शिक्षण संस्था काढली. १९७६ साली ती पुण्यास गेली. कोठारी आयोगाचे (१९६४-६६) ते सदस्य-सचिव होते. मुरगुडाहून वेदगंगेच्या काठाने वर गेले की गारगोटी लागते. तेथील मौनी विद्यापीठात नाईकांनी व चित्रा नाईक यांनी ग्रामीण शिक्षणाचे प्रयोग केले. त्याहीपूर्वी, १९१७ साली, शाहू महाराजांनी करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्याचा हुकूम काढला होता. मुलास शाळेत आणणे हे काम शाहू महाराजांच्या हुकमाने सुरू झाले. आलेले मूल खरोखर शिकते की नाही, हे पाहणे हे संशोधनाचे काम. ते अजून संपलेले नाही. ‘प्रथम’ या संस्थेची ‘असर’ नावाची पाहणी २००५ सालापासून चालू आहे. देशातील ग्रामीण भागात पाचवीतील सुमारे निम्म्या मुलांना दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता येत नाही, असे तीत वारंवार आढळले आहे. पूर्वी मूल शाळेतून गळत असे. आता पुष्कळदा ते शाळेत बसूनच गळते.

मग संशोधक विद्यार्थी प्रत्यक्षात करतो काय? समजा, एका विद्यार्थिनीने मुरगूड व आसपासच्या गावांतील तिसरीची मुले वाचनात मागे का पडतात, हा विषय घेतला. तिला पहिला प्रश्न पडेल तो असा: किती आणि कोणती मुले तपासावी? आपण म्हणतो, शितावरून भाताची परीक्षा. ही म्हण खरी, पण भात एकाच भांड्यात, एकाच आचेवर शिजलेला असेल तर. बाजारपेठेतील शाळा, वाडीवरची एकशिक्षकी शाळा आणि ऊसतोड कामगारांची मुले जिथे हंगामापुरती येतात ती शाळा, ही तीन वेगळी भांडी होत. म्हणून प्रत्येकातून चिठ्ठ्या टाकून मुले निवडावी लागतात. स्वतःच्या सोयीची एकच शाळा घेऊन साऱ्या तालुक्याबद्दल बोलणे म्हणजे एका शितावरून साऱ्या पंगतीची वर्णी लावणे होय.

दुसरा प्रश्न मोजमापाचा. येथे आपल्या शेतकरी बांधवांना फारसे समजावून सांगावयास नको. ऊस घालणारा मनुष्य वजनकाट्याबद्दल किती जागरूक असतो! तीच गाडी, तोच ऊस, पुन्हा काट्यावर घातला तर तेच वजन आले पाहिजे. चाचणीच्या या गुणास विश्वसनीयता म्हणतात. आज घेतलेल्या चाचणीत मूल पहिले आणि पंधरा दिवसांनी त्याच चाचणीत शेवटचे आले, तर काट्यातच खोट आहे. पण एवढ्याने भागत नाही. काटा वजन अचूक सांगेल, उतारा सांगणार नाही. उसात साखर किती, हे पाहावयाचे असेल तर दुसरेच साधन हवे. जे मोजावयाचे तेच मोजले जाते की नाही, यास सप्रमाणता म्हणतात. गणिताच्या चाचणीतील उदाहरण इतक्या अवघड भाषेत घातले की मुलास ते वाचताच येत नाही, तर ती चाचणी गणिताची न राहता वाचनाची होते.

तिसरा प्रश्न कारणाचा. समजा, रोज अर्धा तास मोठ्याने गोष्ट वाचून दाखविल्याने मुले सुधारतात, असे या विद्यार्थिनीस वाटते. सहा महिने तिने तो प्रयोग केला आणि मुले सुधारली. पण सहा महिन्यांत मुले एरवीही थोडी मोठी होतातच! म्हणून तिला मुलांचे दोन गट करावे लागतात. एकात प्रयोग, दुसऱ्यात नेहमीचा पाठ. आणि कोणते मूल कोणत्या गटात, हे चिठ्ठीने ठरवावयाचे. ही रीत मूळची शेतातली आहे. इंग्लंडात रोथॅमस्टेड येथील शेतकी प्रयोगकेंद्रात रोनाल्ड फिशर यांनी १९२० नंतरच्या दशकात ती बसविली. खताचा गुण पाहावयाचा तर रानाचे तुकडे पाडून काहींस खत द्यावे, काहींस देऊ नये, आणि कोणत्या तुकड्यास द्यावे ते नशिबावर सोडावे. नाहीतर मनुष्य नकळत चांगल्या जमिनीसच खत घालतो आणि पिकाचे श्रेय खतास देतो. शाळांतूनही हेच होते. हुशार मुलांच्या तुकडीस उत्तम शिक्षक द्यावयाचा आणि मग निकालाचे श्रेय तुकडीच्या बुद्धीस द्यावयाचे, हा प्रकार आपणांस अपरिचित नाही.

अशा रीतीने जगभर झालेल्या अभ्यासांतून ‘ढ’पणाची जी कारणे हाती आली, त्यांपैकी तीन आपल्या विशेष उपयोगाची आहेत.

पहिले कारण भाषेचे. घरी ‘काय करायलास?’, ‘वाईच थांब’, ‘लई भारी’ असे बोलणारे आमचे पोर शाळेत येते आणि पाठ्यपुस्तकातील वेगळ्याच मराठीपुढे उभे राहते. सीमेलगतच्या काही घरांत तर बोली कन्नडच असते. बाईंच्या प्रश्नास ते उत्तर देत नाही, कारण उत्तर ठाऊक नसते म्हणून नव्हे, तर ठाऊक असलेले उत्तर कोणत्या शब्दांत सांगितले असता हसे होणार नाही, हे त्यास ठाऊक नसते. घरची भाषा वर्गात येऊ दिली असता मूल पुस्तकी भाषाही लवकर आत्मसात करते, असा बहुभाषिक शिक्षणाच्या अभ्यासकांचा अनुभव आहे. बोली ही अडगळ नव्हे. ती पहिली पायरी आहे.

दुसरे कारण शिक्षकाच्या व पालकाच्या अपेक्षेचे. १९६८ साली रॉबर्ट रोझेन्थल व लेनोर जेकबसन यांनी अमेरिकेतील एका शाळेतील प्रयोग प्रसिद्ध केला. शिक्षकांना काही मुलांची नावे देऊन, ही मुले यंदा विशेष चमकतील, असे सांगण्यात आले. नावे खरे म्हणजे चिठ्ठ्या टाकून काढावी तशी काढलेली होती. तरीही वर्षअखेर, विशेषतः खालच्या वर्गांतील अशी मुले इतरांपेक्षा पुढे गेलेली आढळली. या प्रयोगावर पुष्कळ टीका झाली, आणि नंतरच्या अभ्यासांत हा परिणाम प्रथम वाटला त्याहून लहान निघाला, हेही सांगितले पाहिजे. पण तो शून्य नाही. ज्या मुलाकडून आशा नाही त्यास आपण प्रश्न कमी विचारतो, उत्तरासाठी थांबतो कमी, चुकल्यावर समजावतोही कमी. मग ते मागे पडते आणि आपण म्हणतो, पाहा, आमचे भाकीत खरे ठरले!

तिसरे कारण अध्ययन-अक्षमतेचे. काही मुलांची समज चांगली, बोलणे चलाख, पण अक्षरे व ध्वनी यांची सांगड मेंदूत सहज बसत नाही. वाचन अडखळते, लिहिताना काना-मात्रा गळतात, जोडाक्षरे उलटीसुलटी होतात. यास आळस समजून छड्या दिल्या जात. विटमर यांच्याकडे १८९६ साली आलेला मुलगा आठवावा; प्रश्न तोच. महाराष्ट्राने १९९६ साली अशा मुलांसाठी शालान्त परीक्षेत सवलती देण्यास आरंभ केला, आणि २०१६ सालच्या दिव्यांग हक्क कायद्यात या अक्षमतेचा समावेश झाला. २००७ साली ‘तारे जमीं पर’ या चित्रपटाने हा विषय घरोघर नेला. परंतु अशा मुलाची तपासणी करण्यास प्रशिक्षित मनुष्य लागतो, आणि मराठीत प्रमाणित झालेल्या चाचण्या लागतात. पहिला मोठ्या शहरांत मिळतो, खेड्यांत क्वचित. दुसऱ्या इंग्रजीच्या मानाने थोड्या आहेत. आमच्या पदवीधर संशोधकांनी करण्यासारखे याहून निकडीचे काम आम्हांस दिसत नाही.

कोणी म्हणेल, मग या शास्त्राच्या हाती सगळे सोपवून मोकळे व्हावे काय? नाही. शास्त्रही चुकते आणि शास्त्रज्ञही घसरतो. ज्या सिरिल बर्ट यांचा वर उल्लेख केला, त्यांनी जुळ्या भावंडांच्या अभ्यासावरून बुद्धी बहुतांशी आनुवंशिक असते असे प्रतिपादन केले होते. १९७१ साली ते वारल्यावर त्यांचे आकडे तपासले गेले, तेव्हा जुळ्यांची संख्या वाढत गेली तरी काही उत्तरे तिसऱ्या दशांशस्थळापर्यंत तीच राहिलेली दिसली. आकडे बनावट होते काय, यावर अजून वाद आहे. पण ते विश्वासार्ह नाहीत याबद्दल फारसा नाही. म्हणून आकडा पाहून दिपून जाऊ नये. आपल्याकडचे दोष निराळे. परदेशी चाचणीचे भाषांतर करून ती तशीच वापरणे, शंभर मुलांच्या प्रश्नावलीवरून राज्यभराचे निष्कर्ष काढणे, आणि पदवी हाती पडल्यावर प्रबंध कपाटात ठेवून देणे. ज्या शाळेने मुले दिली, वेळ दिला, त्या शाळेस निष्कर्षाचे एक पानही मिळत नसेल, तर त्या विद्येचा गावास उपयोग काय?

यावर उपाय थोडा आपल्याही हाती आहे. कोणी संशोधक आपल्या शाळेत आला तर त्याचे स्वागत करावे. पण चार गोष्टी अवश्य विचाराव्या. माझ्या मुलाची चाचणी घेण्यापूर्वी माझी संमती घेणार काय? मुलाचे नाव व गुण गुप्त राहतील काय? ही चाचणी आमच्याकडच्या मुलांवर पडताळलेली आहे काय? आणि शेवटी जे आढळेल ते आम्हांस मराठीत येऊन सांगणार काय? जो खरा अभ्यासक असेल तो या प्रश्नांनी रागावणार नाही, उलट त्यास हुरूप येईल. शाळा-व्यवस्थापन समितीत बसणाऱ्यांनी तर हे प्रश्न आपला हक्क म्हणून विचारावे.

आणि घरात एखादे मूल मागे पडत असेल तर ‘ढ’ हा शब्द उच्चारण्यापूर्वी एक क्रम पाळावा. प्रथम डोळे व कान तपासून घ्यावे. फळ्यावरचे न दिसणारे मूल सर्वांत स्वस्तात ‘हुशार’ होते, चष्म्याच्या किमतीत. मग ते पुरेसे जेवते-झोपते की नाही, शाळेत कोणाची भीती बाळगते की काय, ते पाहावे. त्यानंतर त्याची घरची बोली आणि पुस्तकाची भाषा यांतील अंतर पाहावे. मग गुरुजींशी बसून, नेमके कोठे अडते, अक्षरात, हातच्यात की समजण्यात, ते शोधावे. एवढे करूनही अडचण उरली तर जिल्ह्याच्या रुग्णालयात किंवा विद्यापीठात जाणत्या माणसाकडे न्यावे. या साऱ्या पायऱ्या चढून गेल्यावर बुद्धीच थोडी कमी असलेली मुलेही काही निघतील, हे आम्ही नाकारीत नाही. पण त्यांनाही शिकण्याचा हक्क आहे, आणि त्यांच्या चालीने चालणारी शाळा मिळाली तर तीही शिकतात. मुलाच्या वाट्याला निकाल येण्यापूर्वी चौकशी आली पाहिजे, एवढेच आमचे मागणे आहे. आणि ही चौकशी नीट करणारी माणसे आपल्याच गावांतून, आपल्याच मुला-मुलींतून तयार व्हावयाची आहेत.